बोक्याची साखर उतरेना

"ओ बाई, आमच्या मॅनेजरला घेऊन कुठे चाललात?"

मी बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये उभी होते. काखेत माझा बोका, बोक्याच्या मिशांवर क्रीम, तेच क्रीम माझ्या बाहीवर. आणि समोर कोपरापर्यंत पिठाने माखलेला एक उंच माणूस, माझ्याच बोक्यावर हक्क सांगत!

"कसला मॅनेजर? हा सरदार आहे. वरच्या मजल्यावर राहतो, माझ्याकडे. आणि त्याला डायबिटीस आहे!"

तो हसला. खरंच हसला हो! "मांजराला?"

"हो, मांजराला! सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचते मी त्याला. कान टोचून साखर बघते. ती मेली उतरतच नाही. डॉक्टर डोस वाढवतायत, मी डोक्याला हात लावून बसतेय, आणि इथे तुम्ही... तुम्ही त्याला क्रीम चारताय?"

त्याचं हसू विरलं. "मला वाटलं बेवारशी आहे... पाठीवरून हात फिरवला तर हाडं लागायची. आणि मागच्या खिडकीतून यायचा तो असा बघत यायचा, की वाटायचं, याला घरी कोणी खायलाच घालत नाही."

घरी कोणी खायलाच घालत नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरदारचं जेवण मी वजन करून देते. स्वतःच्या ताटात काय पडलं ते मला आठवत नाही, पण त्याच्या वाटीतला घासन्‌घास मला पाठ असतो.

"यापुढे एक थेंब नाही," मी म्हटलं. "तुकडा नाही, चाटण नाही, काही नाही."

"नाही देणार. शब्द." त्याच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं. मी रागात होते, तरी दिसलं. रागात असलं की नको ते बरोबर दिसतं.

मी शिवणकाम करते. लोकांचे कोट, झगे, पँटी घरीच उसवून मापात बसवून देते. दिवसभर हातात सुई. पण इन्सुलिनची सुई सरदारच्या मानेजवळ न्यायची म्हटलं की माझा धीरच व्हायचा नाही. धरायला आत्या. ती माझ्याकडेच राहते, आणि सुई दिसली रे दिसली की बोक्याच्या आधी तीच "आई गं!" करायची. तिची पकड सुटायची, सरदार पसार, आणि निम्मं इन्सुलिन त्याच्या केसांवर. किती आत गेलं ते देव जाणे. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. मग संध्याकाळपर्यंत माझ्या जिवाला घोर.

बेकरीवाल्याने शब्द पाळला. इतका पाळला की मागच्या खिडकीला जाळीच ठोकली. सरदार तिच्यापुढे बसून बेंबीच्या देठापासून ओरडायचा आणि तो आतून हात जोडायचा. मी वरून बघायची आणि मनात म्हणायची, चला, सुटलो एकदाचे!

सुटलो कसले. दोनच दिवसांनी, भर दुपारी, मी मशीनवर होते. सरदार उठला आणि दोन पावलं टाकून झोकांडला. मागचे पाय त्याचे राहिलेच नव्हते. हाक मारली तर बघेना. मी डॉक्टरांना फोन लावला.

"साखर खाली गेलीय," त्या म्हणाल्या. "मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आणि तसंच उचलून घेऊन या!"

मी स्वयंपाकघरात धावले आणि तिथेच थिजले. घरात साखर नव्हती. मध नव्हता. गुळाचा खडा नव्हता. सरदारला डायबिटीस झाला म्हणून सगळं गोड मीच घरातून हद्दपार केलं होतं, जसा काही तो रात्रीचा उठून डबे उघडणार होता! आत्या बिचारी बिनसाखरेचा चहा पीत होती इतके दिवस.

मी बोक्याला छातीशी धरून जिना उतरले. कसा उतरले, मला माहीत नाही. थेट बेकरीत.

"पाक दे! साखरेचा पाक! अरे, बघतोस काय... दे ना लवकर!"

त्याने काहीही विचारलं नाही. केकवर लावायचा पाक समोरच होता. बोट बुडवलं, सरदारचा ओठ अलगद वर केला आणि हिरड्यांवर चोळलं. पुन्हा चोळलं. "मॅनेजर... ए मॅनेजर, ऐक ना..." त्याचाही आवाज फाटत होता. मी नुसती रडत होते. कान सरदारच्या नाकाशी नेऊन श्वास ऐकत होते. मग सरदारची जीभ हलली. जरा वेळाने त्याने ते बोट चाटलं.

बेकरीवाला दुकान तसंच उघडं टाकून, एप्रनसकट, माझ्याबरोबर दवाखान्यात आला.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. "मी क्रीम खाणाऱ्या बोक्याला डोस देत होते. क्रीम बंद केलंत, डोस तसाच ठेवलात, आणि मला फोन करावासा दोघांपैकी एकालाही वाटला नाही?"

"चूक माझी," तो म्हणाला.

"काही नाही, माझी," मी म्हटलं.

"भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा. बाई, तुम्ही घरात साखर ठेवा. आणि टोचताना याला नीट धरणारं माणूस बघा कुणीतरी."

परत येताना तो म्हणाला, "मघाशी तुम्ही मला 'अरे' म्हणालात."

"घाईत होते."

"मग अधूनमधून घाईत असत जा..."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. हात कोपरापर्यंत धुतलेले. कणकेचा गोळा उचलावा तसं त्याने सरदारला उचललं, मऊ आणि घट्ट. मी सुई टोचली, काढली. सरदार घुरघुरतच होता! मग सकाळ-संध्याकाळ तो यायला लागला. मी त्याला 'अरे' म्हणायची, तो मला 'अहो'च. माझ्यासमोर बसायचा आणि सगळ्या गप्पा मारायचा बोक्याशी. "मॅनेजर, आज पाव जरा करपले रे." अरे, मला सांग ना! मी काय भिंत आहे?

"मला एक कळत नाही," आत्या एकदा म्हणाली, "धरायला माणूस बोक्याला लागतो, की तुला?" मी तिच्या चहात चार चमचे साखर घातली.

हळूहळू सरदारच्या पाठीवर मांस चढलं. साखर उतरली, डोस उतरला. आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "इन्सुलिन थांबवून बघू. काही मांजरांना मग लागत नाही. साखर तपासत राहा, खाणं हेच ठेवा. अभिनंदन!"

केवढी आनंदाची बातमी! मी बेकरीत जाऊन सांगितली. तो म्हणाला, "वा... छानच की." आणि पाव कापायला लागला. बस्स! एवढंच! मी वर आले आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पायच शिवून बंद केला.

संध्याकाळी, टोचायच्या वेळेला, बेल वाजली. दारात तो. हात धुतलेले, कोपरावरून पाणी ठिबकतंय.

"इन्सुलिन बंद झालंय," मी म्हणाले.

"माहितीये."

"मग हात कशाला धुतलेस?"

"सवय..."

"सवय?" माझं डोकंच फिरलं. "नुसती सवय?"

"नाही... तसं नाही... ऐक ना. सकाळी तू सांगितलंस, तेव्हा मला आधी वाईट वाटलं. बोका बरा झाला आणि मला वाईट वाटलं! दिवसभर स्वतःचीच लाज वाटतेय. असला कसला मी माणूस?"

मला हसू येत होतं, आणि डोळेही भरत होते. "मी दवाखान्यातून रडत घरी आले. आत्याला वाटलं, सरदार गेला."

तो उंबरठा ओलांडून आत आला.

"आणि... 'तू' म्हणालास मला," मी म्हटलं.

"घाईत आहे." त्याने माझा हात हातात घेतला. ओला, गार हात. "आवडतेस तू मला. कधीपासून सांगायचं होतं, पण तू इतकी चिडतेस..."

"चिडणारच! बोक्याशी बोलत बसलास इतके दिवस! मला आवडतोस तू, कळलं? चांगला आवडतोस!" हे मी ओरडूनच सांगितलं. जिन्यात ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

"दार लावा आधी," आतून आत्या म्हणाली. "बोका बाहेर जाईल."

बोका कुठेही जाणार नव्हता. तो आपल्या वेळेवर येऊन रोजच्या चटईवर बसला होता, मान पुढे करून. सुई झाली की जेवण, एवढंच त्याला माहीत. आणि आज सुईही येईना, जेवणही येईना, म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

"अगं, त्याला खायला तरी घाल," तो म्हणाला.

"तूच घाल. मोजून. आणि क्रीम दिसलं ना..."

"नाही. शब्द."

त्याच्या पापण्यांवर आजही पीठ होतं. हात धुतो, तोंड धुवायचं कधी सुचत नाही या माणसाला. मी बाहीने पुसलं.