संदर्भग्रंथातला दोनाचा आकडा

"चूक आमच्या मुद्रितशोधक बाईंची. तेवढं लेखी द्या, म्हणजे त्यांना आजच घरी पाठवतो," असं म्हणत संपादकांनी जाडजूड पुस्तक तपासनीस ताईंपुढे टेबलावर ठेवलं. कीटकनाशकांचे गुणधर्म पाहायला जो तो हेच पुस्तक उघडत असे.

फवारलेलं एक औषध पानांवर निम्मं व्हायला त्यात दोन दिवस छापले होते. खरे लागतात बारा. पुस्तक बघून मालकाने काचघरातल्या माळीणबाईला चौथ्याच दिवशी आत पाठवलं. ती आता इस्पितळात होती.

ताई चौकशीला निघाल्या. मागोमाग धाकटा भाऊ, ज्याचा निकाल नेहमी तपासाआधीच लागलेला असे.

"वीस वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "नजरचूक झाली असेल."

"आकडे कशाशी ताडून बघता?"

"संपादकसाहेबांनी हाताने लिहिलेल्या कार्डांशी. छपाई झाली की ते ती फाडून टाकतात."

"मग नीट बघायला काय झालं होतं?" भाऊ खेकसला. बाईंनी मान खाली घातली.

प्रतिस्पर्धी प्रकाशकाच्या पुस्तकातही दोनच दिवस होते.

"त्यांचंच उचललं होतं," ताईंनी गाठल्यावर तो प्रकाशक पुटपुटला. "दोन वर्षांपूर्वी त्यांनी चोरी सिद्ध केली. चारचौघांत माफी मागावी लागली मला."

"पुरावा कोणता दाखवला?"

"हेच पान."

ताई तडक संपादकांच्या खोलीत गेल्या. बाईंनाही बोलावून घेतलं.

"खरा आकडा सगळ्यांच्या पुस्तकांत सारखाच असणार. त्यावरून चोर कसा पकडणार? तो सापडतो खोट्या आकड्यावरून. म्हणजे हा आकडा खोटा आहे, हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. बाईंची चूक असती, तर तेव्हाच त्यांना बोलला असतात. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, कारण नक्कल करणाऱ्याला पकडायला मुद्दाम पेरलेला तो सापळा तुमचाच होता. कार्डं फाडायचात तीही त्यासाठीच."

संपादकांचा चेहरा उतरला.

"ते औषध तेव्हा कुणी वापरतच नव्हतं हो. वाटलं, कुणाचं काय बिघडणार आहे? पुढे ते पुन्हा बाजारात आलं, आणि माझ्याच्याने कबूल करवेना. लाज वाटली."

भावाला बाईंकडे बघवेना. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"असे आणखी किती सापळे आहेत?" ताईंनी विचारलं.



"अकरा."

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"कुठली पानं ते सांगा, साहेब."

वर न बघताच संपादक सांगू लागले.