नागसेनचा शेवटचा रेडिएटर

गाडीचं इंजिन जेवढी ऊर्जा चाकांना देतं, त्याहून जास्त नुसती उष्णता म्हणून वाया घालवतं. ती उष्णता वेळेवर बाहेर काढली नाही, तर इंजिन जाम होतं. रेडिएटरचं काम एवढंच. तापलेलं पाणी बारीक नळ्यांतून फिरवायचं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा जाऊ द्यायचा आणि पाण्यातली उष्णता त्या वाऱ्याला देऊन टाकायची. बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात मी रेडिएटर तपासते. माझा नवरा नागसेन ते घडवायचा.

आमचं जमलं तेही तपासणीच्या खोलीतच. तो आपला रेडिएटर घेऊन यायचा, मी त्यात चुका काढायचे. "तुले कधीच पटत नाई का वं काई?" असं म्हणत तो वाकलेले पत्रे कंगव्यानं सरळ करत बसायचा. पत्रे सरळ करायचा खास कंगवा असतो. तो इतक्या हलक्या हातानं चालवायचा, की वाटावं लहान मुलीचे केस विंचरतोय.

या उन्हाळ्यात त्याच्याकडे रुग्णवाहिकेचं काम होतं. गावाकडच्या रुग्णवाहिका तासन्‌तास एका जागी उभ्या राहतात, आतला एसी चालू असतो, आणि मग इंजिन तापतं. नागसेननं त्यासाठी नवा रेडिएटर बनवला होता, अॅल्युमिनियमचा, नेहमीपेक्षा बराच जाड. मेच्या पहिल्या आठवड्यात तो बसवलेली गाडी घेऊन नागसेन आणि आमच्या विभागातले चंद्रभानभाऊ मौद्याच्या रस्त्याला चाचणीसाठी गेले. दुपारी गाडी उन्हात उभी करून, बॉनेट उघडून, नागसेन बराच वेळ मोजणीच्या तारा नीट करत होता. चंद्रभानभाऊ दोनदा म्हणाले, सावलीत या सर. तो म्हणाला, झालंच. मग तो बॉनेटवर डोकं टेकून उभा राहिल्यासारखा दिसला. भाऊ जवळ गेले, तेव्हा तो खाली घसरला.

त्याच रुग्णवाहिकेच्या मागच्या बाजूला झोपवून त्याला नागपूरला आणलं. भाऊंनी गाडी पळवली. नंतर ते मला एवढंच सांगत राहिले, की सबंध रस्ताभर इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

मी दवाखान्यात पोचले, तेव्हा त्याचा ताप बेचाळीस अंश सेल्सिअसवर होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. काखेत, मानेखाली, जांघेत बर्फ ठेवला होता. ओल्या चादरीवर पंखे सोडले होते. त्याचा श्वास लहान आणि भरभर चालला होता. मी दोन्ही हातांनी बर्फ चोळत होते आणि डोक्यात सारखं येत होतं, की हेच तर आपलं काम आहे, एका ठिकाणची उष्णता काढून दुसरीकडे नेणं, आणि ती जात का नाही. ती गेली नाही. शेवटपर्यंत काटा खाली आला नाही.

माणूस गेलं की थंड पडतं म्हणतात. नागपुरात मे महिन्यात पडत नाही. दुसऱ्या दिवशी नंदनवनच्या घरी अंगणात मांडवाखाली त्याला ठेवलं होतं, पांढरी चादर घातली होती, भंतेजींची वंदना झाली होती, तरी त्याचं कपाळ कोमट होतं. मला कारण ठाऊक होतं. भोवतालची हवाच तेवढी गरम होती. सासूबाईंना कारण नको होतं. त्यांनी उलटा हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि उचलायला आलेल्यांना म्हणाल्या, "अजून गरम हाय माहा पोरगा. कायले नेता गा त्याले?" त्यांचा हात भावकीतल्या बायकांनी बाजूला केला.

मी कामावर परतले, तेव्हा नवतपा सुरू होता, मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून गेले. नागसेनचा रेडिएटर गाडीतून काढून तपासणीच्या खोलीत आणला होता. आमचे विभागप्रमुख सौरव सर म्हणाले, "नंदिनी, हे दुसऱ्या कोणाला देतो." मी म्हटलं, नको, मीच करते.

चाचणी सोपी असते. एका बाजूनं गरम पाणी सोडायचं, पत्र्यांमधून मोजून वारा सोडायचा. पाण्यानं जितकी उष्णता टाकली, तितकीच वाऱ्यानं उचललेली असायला हवी. थोडं इकडेतिकडे होतं. इथे वारा जास्त उचलत होता. पाण्यात नव्हती एवढी उष्णता घेऊन तो बाहेर पडत होता.

मी तारा बदलल्या. वाऱ्याच्या बोगद्याला कुठे फट आहे का, तेही पाहिलं. मग जुना, तपासलेला रेडिएटर तिथेच बसवला, तर त्याचं गणित चोख जुळलं. नागसेनचा परत लावला आणि पुन्हा तेच. चंद्रभानभाऊंनी गळ्यातला दुपट्टा तोंडावर दाबून धरला होता. "मॅडम," ते म्हणाले, "पंप बंद करून पाहा ना."

पंप बंद केला. पंखाही बंद केला. रेडिएटर रिकामा करून, वाळवून टेबलावर ठेवला. खोलीत एसी असतो, चांगलं गार असतं. सुट्टीनंतर सोमवारी आले आणि त्याच्यावर हात ठेवला.

तो गरम होता.

मी तापमान मोजायची तार चिकटवली. बेचाळीसच्या जरा वर. मी खुर्चीवर बसले. माझ्या मनाची स्थिती काय आहे हे मला माहीत होतं, म्हणून भाऊंना दुसऱ्या यंत्रानं मोजायला लावलं. त्यांनी मोजलं, आकडा वाचला आणि यंत्र टेबलावर ठेवून ते दारापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनीही तो आकडा दवाखान्यात ऐकला होता.

संगणकावरच्या आलेखात रेषा सरळ नव्हती. ती बारीक हेलकावे खात होती, वर, खाली, वर, खाली, लहान आणि भरभर. सौरव सरांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले. "कुठल्यातरी मोटारची थरथर येत असेल," ते म्हणाले. खोलीत एकही मोटार चालू नव्हती. त्यांनाही ते दिसत होतं. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "आतले सांधे पाहायला याचा छेद घ्यायचाच आहे. उद्या कापून टाकू. तू थांबू नकोस त्या वेळी."

त्याच दुपारी सासूबाई कारखान्यात आल्या. नागसेनच्या लॉकरमधले बूट आणि डबा न्यायचा होता. मी घेऊन येते म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. शेजारच्या रोशनीनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि ती बाहेरच थांबली. लॉकर तपासणीच्या खोलीच्या पलीकडे आहे. मी पिशवी भरत होते, आणि वळून पाहिलं तर सासूबाई मागे नव्हत्या.

त्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांना कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. तिथे ओळीनं रेडिएटर मांडलेले होते, परक्याला एकसारखेच वाटावेत असे. त्यांनी उलटा हात नेमका त्याच्यावर ठेवला होता.

"याले ताप हाय," त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली.

"तुले माहीत होतं?"

"हो आई."

"मंग उभी काहून हायेस वं? उतरव ना."

मी त्यांना काय समजावणार होते? मला तरी काय समजलं होतं? मी गार पाण्याची टाकी सुरू केली. नळ्या जोडल्या. माझे हात सवयीनं चालत होते. चंद्रभानभाऊंनी स्टूल आणून दिलं, पण सासूबाई बसल्या नाहीत. त्यांनी हात काढला नाही.

बर्फाइतकं गार पाणी त्या नळ्यांतून गेलं की धातू पाहता पाहता गार व्हायला हवा. तसं झालं नाही. आकडा सावकाश, अगदी सावकाश उतरू लागला. एक्केचाळीस. बराच वेळ तिथेच. मग चाळीस.

बाहेर आलेलं पाणी मी पाहिलं. ते जितकं गार आत गेलं होतं, तितकंच गार परत आलं होतं. उष्णता पाण्यात येत नव्हती. तरी रेडिएटर निवत होता. मी पुन्हा पाहिलं. एरवी मी तिथेच चाचणी थांबवली असती. तेव्हा थांबवली नाही.

सासूबाई त्याच्याशी बोलत होत्या. पलीकडच्या घरातल्या गोपिकाला मुलगी झाली. कूलरची मोटार बंटीनं दुरुस्त करून दिली. "तुही बायको जेवत नाई बरोबर. मी सांगून राहिली, आयकत नाई." आलेखातले हेलकावे मोठे झाले, संथ झाले. एकोणचाळीस. अडतीस.

सदतीसला आकडा थांबला.

रेषा शांतपणे वर जात होती आणि शांतपणे खाली येत होती. ही लय मला माहीत होती. रविवारी दुपारी जेवून तो झोपायचा, तेव्हा मी शेजारी वाचत पडलेली असायचे.

माझा हात झडपेवर होता. ती बंद केली, तर सगळं इथेच राहिलं असतं. सदतीसवर. उद्या कापायला मी दिलंच नसतं, कुठेही लपवलं असतं, घरी नेलं असतं. गार खोलीत दुपट्ट्यात गुंडाळून ठेवलं असतं. मी खरोखरच हा विचार केला.

"आई, इथंच थांबवू का?"

त्यांनी उलटा हात पत्र्यांवरून एकदा फिरवला.

"नोको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी त्याले जाऊ देत नोती. आता मी हाय ना त्याच्यापाशी. होऊ दे थंड."

मी झडप पूर्ण उघडली.

छत्तीस. चौतीस. तीस.

हेलकावे दूर दूर होत गेले. एक आला. मग पुढचा येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. रेषा सरळच गेली.

मी टेबलाच्या कडेला डोकं टेकून रडले. दवाखान्यात मी रडले नव्हते. चंद्रभानभाऊ तोंड फिरवून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात उचलला, पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "चाल, घरी जाऊ."

गाडीत रोशनी पुढे बसली, आम्ही दोघी मागे. मी त्यांचा हात हातात घ्यायला गेले, तर त्यांनी पदराखालून काढला नाही. त्यांच्या बाजूनं धग येत होती. काच उन्हानं तापली असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थांबले. सरांनी नको म्हटलं तरी थांबले. करवतीनं रेडिएटर मधोमध कापला. आत स्वच्छ नळ्या होत्या आणि प्रत्येक सांधा नीट भरलेला होता. एवढं सुबक काम मी त्याच्या हातचंही पाहिलं नव्हतं. मी दोन्ही तुकड्यांना हात लावला. ते साध्या धातूसारखे गार होते. मला हलकं वाटलं. बरं झालं, असं वाटलं. घरी जाऊन आईंना सांगायचं ठरवलं, की काहीच नव्हतं आत, तो गेला.

संध्याकाळी घरी पोचले. उजेड होता अजून. कूलर बंद होता. सासूबाई दिवाणावर पडल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. चेहरा लाल झाला होता, आणि त्यावर महिन्याभरात न पाहिलेलं समाधान होतं. मी कपाळाला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला.

"आई! तुमाले तर..."

"काई नाई वं. मले बरं वाटून राहिलं."

मी वाटीत पाणी आणलं, धडप्याची पट्टी ओली करून कपाळावर ठेवली. दुसरी पिळेपर्यंत पहिली कोरडी झाली होती. डॉक्टरला फोन करायला मी उठले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. पदर बाजूला करून माझा तळवा त्यांनी आपल्या पोटावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर नेलं.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "आत्ताच डोया लागला त्याचा."