मिठाची पुडी

पडघ्याहून भिवंडीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत माझ्या डब्यातलं पाणी शेजारच्या माणसाच्या पांढऱ्या पायजम्यावर गळलं. काकडीच्या कोशिंबिरीचं पाणी, आणि त्यात मोहरीचे दोन दाणे.

"बाई, तुमच्या डब्याला घाम सुटलाय," तो म्हणाला.

मी रुमाल पुढे केला. पण तो डब्याकडेच बघत राहिला. "मीठ घरीच घातलंत?"

"मग कुठे घालायचं?"

"जेवताना. मीठ पाणी ओढतं. शाळेत शिकवत न्हाय का?"

आदल्याच दिवशी आठवीच्या वर्गात बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकून मी हेच दाखवलं होतं. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, हे शेवटी सांगावंच लागलं. तो इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

त्याचं नाव केसरीनाथ. भिवंडीत यंत्रमाग दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं कागदात बांधलेली एक पुडी माझ्या हातावर ठेवली. मीठ, आणि भाजून कुटलेलं जिरं.

"आमच्या लूमवरचे यूपीतले, मऊ गावचे कारीगर काकडीवर हेच टाकतात. ऐन जेवताना टाका, बाई."

टाकलं. इतकी वर्षं जी काकडी मी केवळ तब्येतीला बरी म्हणून चावत होते, तिला त्या दुपारी पहिल्यांदा चव आली.

मग रोज एक पुडी. कधी मिठात ओवा, कधी कुटलेली आंबोशी, कधी सुकी मिरची. आणि रोज चौकशी.

"काल कशावर घातलंत?"

"मुळ्यावर. डोळ्यांत पाणी आलं."

"मिठानं ओढलं असंल."

"मिरचीनं. तुम्ही जास्त घातली होती."

"आज कमी हाय. तुम्ही रडलात तर मला शिफ्टमधी काय सुचत न्हाय."

वळणावर त्याचं कोपर मला लागे – मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसू. त्याच्या बोटांवर तेलाचे काळे डाग असत, पुडीवर मात्र कधीच नाही. ती बांधण्याआधी तो किती वेळा हात धूत असेल…

आम्ही एकदाही एकत्र जेवलो नाही. मधल्या सुट्टीत मी पुडी सोडायचे आणि मनात म्हणायचे, आता त्यानंही डबा उघडला असेल.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये दादानं माझ्यासाठी कल्याणचं एक स्थळ आणलं. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही. ते केसरीनाथला सांगितलं, तर तो बोटावरचा तेलाचा डाग चोळत राहिला.

"मी उद्या मालेगावला चाललोय," एवढंच म्हणाला. "शेठ तिकडं नवे लूम टाकतोय."

"तिकडे काकडी मिळते?" मी विचारलं. विचारायचं होतं दुसरंच.

"मिळंल. पण कशावर घातलंत, हे कोणाला विचारू?"

स्टँड आला. त्यानं एक पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत तीस पुड्या होत्या, झाकणावर मालेगावचा पत्ता.

"रोज एक. संपल्या की कार्ड टाका. कार्ड आलं, की मी येऊन तुमच्या दादाशी बोलतो. न्हाय आलं… तर बाईंना माझं मीठ लागत न्हाय, असं समजतो."

तो उतरला. मागे वळून पाहिलं नाही.

त्या दुपारी मी पुडी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. एक सोडली असती, तर त्याच्या हातची एक कमी झाली असती. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवस मी काकडी अळणी खाल्ली.

पाचव्या दिवशी सुट्टीत पोस्टात गेले. जे दिसलं तेवढंच प्रयोगवहीत लिहा, असं मी मुलांना नेहमी बजावते. माझ्या खणात तीसच्या तीस पुड्या होत्या. मी कार्डावर लिहिलं,

"मीठ संपलं. लवकर या."

आणि खाली, ज्यानं मला 'बाई'शिवाय कधी हाक मारली नव्हती त्याच्यासाठी, नाव लिहिलं – तुळजा.