कोपऱ्यातला पीसी चालूच होता

हे खरं घडलंय. माझ्या समोर. ज्याला पटत नाही त्याने इथेच थांबावं, कमेंटमध्ये शहाणपणा शिकवायचा नाही. माझं डोकं लवकर फिरतं.

आणि रात्र नव्हती. शनिवारची भर दुपार होती. कल्याणचं एक कॉलेज, नाव सांगणार नाही. तिसऱ्या मजल्यावरची कॉम्प्युटर लॅब.

मी सम्यक. वर्तकनगरला राहतो. शाळा नववीतच सोडली. माझी ताई अमृता मात्र त्या कॉलेजला आयटी करते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिली. आई तिचं आयकार्डसुद्धा पुसून ठेवते.

त्या आठवड्यात ताईला कॉलेजने सांगितलं, पालकांना घेऊन ये. नाहीतर नाव काढू.

आईबाबांना सांगायची तिची हिंमत झाली नाही. म्हणून पालक म्हणून मी गेलेलो. बाबांचा शर्ट घालून.

लॅबमध्ये सलिल सर बसलेले. तिच्या डिपार्टमेंटचे हेड. त्यांनी मला वर-खाली बघितलं.

"पालक कुठेत?"

"मीच."

"तू करतोस काय?"

"तुम्ही प्रॉब्लेम सांगा ना सर."

ताईने माझ्या पायावर पाय दिला.

सरांच्या बाजूला एक बाई होत्या. साधी सुती साडी, मांडीवर जुना मोबाईल, स्क्रीनला तडा गेलेला. त्या वैशाली मावशी. त्यांची मुलगी ऋतिका याच कॉलेजला होती. गेल्या वर्षी ती गेली. कॉलेजसमोरच्या रस्त्यावर डंपरने उडवलं.

तो मोबाईल ऋतिकाचा. मावशी रोज चार्ज करून ठेवायच्या.

आणि त्या मोबाईलवर मेल यायला लागलेले.

ताईच्या कॉलेजच्या आयडीवरून.

सरांनी एक वाचून दाखवला. इंग्रजी अक्षरांत मराठी, पोरं लिहितात तसं.

'आई, मी लॅबमध्येच आहे. सुकटाची चटणी संपवली नाही म्हणून रागावू नको.'

मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी डब्यात चटणीच दिलेली मी. डबा रस्त्यावर सापडला. अर्धा भरलेला. हे पोलिसांना पण सांगितलं नव्हतं गं. तुला कोणी सांगितलं?"

ताई रडायला लागली. "मावशी, शपथ, मी नाही लिहिलं."

आता या कॉलेजातल्या पोरांची एक सवय सांगतो, नाहीतर कळणार नाही. लॅबचा सर्व्हर मेलेला. लॉगिन करायलाच अर्धं प्रॅक्टिकल जातं. म्हणून प्रॅक्टिकल संपलं की ही पोरं लॉगआऊट करतच नाहीत. पुढच्या बॅचवाल्याला चालू पीसी मिळतो. याला ते 'सीट गरम ठेवणं' म्हणतात. सगळे करतात. ताई पण करायची. ती कोपऱ्यातल्या पीसीवर बसते.

मी म्हटलं, "सर, शेवटचा मेल गेला तेव्हा ताई बाळकुमला माझ्यासोबत बारशाला होती. फोटो आहेत. दाखवू?"

"फोटो नको दाखवू. लॉगिन तिचं, पासवर्ड तिचा. उघडं टाकून गेली तर त्यातून जे जाईल ते तिच्याच नावावर. पहिल्या वर्षाला सही घेतो आम्ही या नियमावर."

"मग ज्याने लिहिलं त्याला सोडणार?"

"आवाज खाली."

 सर बरोबर बोलत होते, आणि त्याचाच राग येत होता.

तेव्हा...

मागे की-बोर्ड वाजला.

टक. टक टक.

लॅबमध्ये आम्ही चौघंच. चौघंही पुढे.

कोपऱ्यातला पीसी तक्रारीपासून कोणाला हात लावू दिला नव्हता. पुरावा म्हणून तसाच चालू. ताईचं नाव वर उघडं.

सर उठले. "हा तुमच्या वर्गातला मयूर असणार. लॅबमधलं काही लांबून चालवायची त्याला खाज आहे. थांबा."

त्यांनी जाऊन नेटची केबल खेचली. हातात धरून आम्हाला दाखवली. "बघा, आता बंद."

टक टक टक टक.

मी जवळ गेलेलो. माझी नजर चांगली आहे, उगाच नाही सांगत. बटणं खाली जात होती. एकेक. दाबल्यासारखी. आणि परत वर.

माऊस मात्र जागेवर होता. फक्त हलकासा थरथरत होता...

स्क्रीनवर उमटलं.

'आई लॉगआऊट करायला परत आले'

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग...

'होत नाहीये'

सरांच्या हातातली केबल खाली पडली.

मावशी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. आवाज एकदम शांत. "तिची मैत्रीण बोललेली मला. गेटच्या बाहेर गेली आणि आठवलं, कोपऱ्यातला पीसी उघडाच राहिला. म्हणाली, तुम्ही जा, मी बंद करून येते. तशीच मागे फिरली. गाडी बघितली नाही."

अख्ख्या कॉलेजात एकच पोरगी नियम पाळायची. आणि ती...

मावशी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. खुर्चीच्या बाजूला उभ्या राहिल्या. कोणी बसलेलं असेल तर आपण राहतो तसं.

"कुठे दाबायचं गं?"

ताईने बोट दाखवलं. "इथे, मावशी."

मावशींनी माऊस धरला. दाबला.

ताईचं नाव गेलं. स्क्रीन निळी झाली.

आणि खुर्ची मागे सरकली. आपोआप. माणूस उठल्यावर सरकते तेवढीच.

"चल बाळा, घरी," मावशी म्हणाल्या.

आमच्यापैकी कोणाला नाही.

सरांच्या टेबलावरचा स्वतःचा तक्रारीचा अर्ज मावशींनी उचलून फाडला. सर ताईला फक्त म्हणाले, "जा तू. सोमवारी लेक्चरला ये."

खाली आम्ही एकाच शेअर रिक्षात बसलो. मी पुढे ड्रायव्हरजवळ. मागे ताई, मावशी, आणि कडेला जागा. एक काका घाईत आले, चढायला गेले. ड्रायव्हरने आरशात बघितलं.

"फुल आहे काका, मागची घ्या."

मी मागे वळून बघितलं नाही. खरं सांगतो, नाही बघितलं.

वाटलं संपलं.

पुढच्या आठवड्यात मावशींचा ताईला फोन. स्पीकरवर मी पण ऐकला.

"ती घरी आलीये गं. पण बोलत नाही. दिवसभर टेबलावर बोटं वाजतात. तिला काहीतरी लिहायचंय. माझ्याकडचा तो मोबाईल पण आता बंद पडला. काही देशील?"

ताई कपाटातून पिशवी काढायला लागली.

"येडी झालीस का? कुठे चाललीस?"

"फोन द्यायला."

"तुझा फोन? लॉक काढून? एवढं झालं तरी अक्कल नाही आली तुला?"

"सम्यक, त्यांनी अर्ज फाडला म्हणून मी कॉलेजात आहे. तू गप बस."

गेली. देऊन आली. सिमसकट, सगळं उघडं.

काल मावशी आमच्याकडे आलेल्या. आईला भेटायला. येताना चटणी आणली. घराला कुलूप लावून आलेल्या, किल्ली समोर ठेवलेली. ताई आत चहा टाकत होती. फोनबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "घरीच ठेवलाय. तिच्याजवळ."

मी मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप बघत बसलेलो.

ताईच्या नावाखाली आलं...

'टायपिंग'

गेलं.

परत आलं.

मावशींचं लक्ष माझ्या स्क्रीनवर गेलं. त्यांचा चेहरा असा झाला, मला सांगता येणार नाही. भीती नव्हती ती. भूक लागल्यावर दुसऱ्याच्या ताटाकडे बघतात ना, तसं.

"तुला लिहितेय?" त्या म्हणाल्या. "मला आता काहीच लिहीत नाही रे. बघ ना, काय म्हणते?"

मी फोन उलटा केला. म्हटलं, "मित्र आहे, मावशी."

हातात फोन वाजला. मेसेज आलेला.

मावशी चहा न पिताच उठल्या.

मी तो अजून उघडलेला नाही. डिलीट पण करवत नाही. हे लिहितोय तेव्हा वर परत दिसतंय. टायपिंग...