तिवईचं चित्र

देवीच्या देवळातून तबक घेऊन परतलेली वैशाली उंबऱ्यातच थबकली. समोर आडवा टेप, आणि टेपच्या टोकाला गुडघ्यावर बसलेला एक अनोळखी तरुण.

"ओलांडू नका... माप हलेल."

"आमच्याच घरात आमाला आडवताय व्हय?"

तो हसला. तबकातली निरांजनाची ज्योत उगाचच थरथरली.

इंद्रजित पौडचा. कॉलेजच्या कामासाठी माले गावातल्या घरांमधलं जुनं लाकूडसामान मापायचा, समोरून, बाजूनं, सांध्यासांध्यानं... मग जलरंगात सागाची एकेक रेघ उतरवायचा. प्रत्येक चित्राखाली लिहायचा, यावर घरातलं कोण बसतं.

"या आरामखुर्चीवर?"

"दादा. माझं वडील."

"झोपाळ्यावर?"

"आत्या. न्हाईतर पावनं, तुमच्यासारखं."

"आणि तुम्ही?"

"मी पुसते."

त्याचा कुंचला थांबला. बराच वेळ तो तिच्या हातांकडे पाहत राहिला.

"तुमच्याकडं हवेत ओल फार," तो हळूच म्हणाला. "रंग लवकर वाळत नाहीत."

"मग थांबा की... वाळंस्तवर."

तो थांबू लागला. झोपाळ्यावर बसून चहा पिऊ लागला. आणि रोज दिवा लावताना वैशाली देवीकडे एकच मागू लागली, आजही रंग वाळू नये.

एके दिवशी तुळजाआत्यानं सहज विचारलं, "पौडात कुटं राहता?"

"बुद्धविहाराच्या मागं."

आत्या उठली. गोठ्यातली बुटकी तिवई आणून तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली. "बसा हितं. चा आणते."

तो बसला. चहा प्याला. मग तिवई उलटी करून शांतपणे मापू लागला.

"ती नका काढू," वैशाली बाहेर येत म्हणाली.

"का? तीही तुमच्याच घरातली." ओला कुंचला कागदावर तसाच टेकलेला. "वैशाली... माझ्याबरोबर येशील?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आतून दादांचा आवाज आला, आत्याला सांगत होते, "पोरीशी लई बोलतोय. परत दिसला तर धड जाणार न्हाई."

"न्हाई," ती म्हणाली. "आन् परत येऊ नका."

"रंग ओला आहे अजून."

"वाटंत वाळंल."

चित्र दोन्ही हातांवर आडवं धरून तो गेला. वळणापर्यंत तिनं पाहिलं. त्यानं मागं पाहिलं नाही.

संध्याकाळी ती पोथी घेऊन तिवईवर जाऊन बसली, उंबऱ्याबाहेर.

"अगं, आत ये. देवापुढं बस," आत्या म्हणाली.

"देव हितनंबी दिसतो, आत्या."

तिचा नेम कधी चुकला नाही. दिवा रोज लागतो, पोथी रोज उघडते. मागणं तेवढं संपलं.