त्यांचा मेदुस, आपला मध

जो शब्द आपण कधी ऐकलाच नाही, तो आपल्याला कळू शकतो का? वैजूने मला हे विचारलं तेव्हा मी इतका शिणलो होतो, की सरळ ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. चुकलो.

मी दुभाष्या. चंद्रावरच्या वस्तीत भाषांतर करणारा यंत्रमानव. इथे सेहेचाळीस माणसं, अकरा भाषा, आणि सगळ्यांचं बोलणं माझ्या माथी. प्रत्येकाच्या कानात एक कानयंत्र असतं. ते समोरच्याचा आवाज दाबून टाकतं आणि त्या जागी माझा ऐकवतं. सहा वर्षं मी बोलतोय. ‘बस जरा’ असं कुणी म्हटलं नाही.

मग सौरवादळ (सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा लोट) आलं. कानयंत्रं बंद पडली. माझे दहा शब्दकोश जळाले, मराठी आणि भाषांच्या नात्यांची एक जुनी टिपणवही तेवढी वाचली. पूर्वेकडच्या भागातून हवा गळतेय की काय, अशी शंका आली म्हणून मधलं दार बंद केलं. ते फक्त आमच्या बाजूने उघडतं, आणि तपासणी संपेपर्यंत उघडायचं नव्हतं. पलीकडे दोघं अडकली. एक वैजूची आई सरोजताई, बॅटऱ्या दुरुस्त करणारी. दुसरे शेजारचे यूर्गिस आजोबा, लिथुआनियाचे, आमच्या मधमाश्या सांभाळणारे. बोलायला भिंतीवरचा एक फोन होता.

दहा वर्षांची वैजू दोन दिवस त्या फोनपासून हलली नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

“दुभाष्या, आईने बोटं दाखवली तर आजोबा दू, त्रीस, केतुरी, पेंकी म्हणतात. आपल्या दोन-तीन-चारसारखंच आहे की.”

“योगायोग असेल,” मी म्हणालो. मला बोलायचा कंटाळा आला होता.

“आणि मधाला मेदुस म्हणतात.”

आता वही उघडणं भाग पडलं. “ऐक. एखादा शब्द जुळला तर तो योगायोग. रांगच जुळली तर नातं. हजारो वर्षांपूर्वी काही लोक एक भाषा बोलत. ते पांगले, आणि प्रत्येक टोळीचं बोलणं थोडं थोडं बदलत गेलं. त्या पहिल्या भाषेला मूळभाषा (जिच्यापासून पुढच्या भाषा निघाल्या ती) म्हणतात. ती कुणी लिहून ठेवली नाही. आजचे शब्द शेजारी ठेवून तिचा अंदाज बांधतात.”

“म्हणजे त्यांची भाषा संस्कृतातून आली?”

“नाही. संस्कृत आणि ती बहिणी-बहिणी. आणि बदल मनाला येईल तसा होत नाही, त्यालाही वळण असतं. संस्कृतात चत्वारि आणि पञ्च, त्यांचं केतुरी आणि पेंकी. आपला च तिथे क, दोन्हीकडे. संस्कृतात मधु, त्यांचा मेदुस. त्यांच्या भाषेत ध नाही, त्याच्या जागी द येतो. झालं समाधान? जा आता.”

तेव्हाच तिने न ऐकलेल्या शब्दाचा तो प्रश्न विचारला, आणि मी ‘नाही’ म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दाराच्या पहाऱ्यावर शिर्के होते, तीन दिवस डोळ्याला डोळा न लागलेले. फोनमधून आजोबा एकच शब्द घोकत होते. “दूमाय. दूमाय.”

“भूक लागली असेल म्हाताऱ्याला,” शिर्के म्हणाले आणि फोन ठेवू लागले. मीही ऐकलं आणि सोडून दिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

“काका, ठेवू नका,” वैजू म्हणाली. “आई कुठंय?”

“झोपली असेल गं.”

वैजू पुटपुटली, “त्यांचा द म्हणजे आपला ध असू शकतो. धूमाय. धूम. धूम्र.” तिचा चेहरा उतरला. “काका, पलीकडच्या बॅटरीच्या खोलीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी आहे ना? धूर. ते धूर म्हणतायत.”

“आणि नसला तर? दार उघडलं आणि हवा गेली, तर इकडची चव्वेचाळीस माणसं आहेत. एका शब्दावर मी उघडू?”

वैजूने त्यांच्या हातून फोन घेतला. “आजोबा, अग्नी? अग्नी?”

पलीकडून आवाज फुटला. “उग्नीस! उग्नीस! दुरीस!”

“दुरीस,” शिर्के हळूच म्हणाले. “दार. दार म्हणतोय हा माणूस.” त्यांनी कळ दाबली.

हवा गेली नाही. धुराचा लोट आला, आणि त्यातून सरोजताईंना काखेत धरून ओढत आजोबा आले. ताई बेशुद्ध होत्या. वैजू त्यांच्या उशाशी बसून राहिली. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पुढच्या यानाने माझे शब्दकोश आणि नवी कानयंत्रं आली. मी पुन्हा कामाला जुंपला जाणार होतो. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आजोबा काहीतरी बोलले आणि मी सवयीने भाषांतर करायला लागलो. सरोजताईंनी हात वर केला. “जरा थांब रे. सहा वर्षं शेजारी राहतात हे. त्या धुरात हे मला हाका मारत होते, आणि तो आवाज त्या वादळापर्यंत मी कधी ऐकलाच नव्हता.”

त्यांनी कानयंत्र काढून ठेवलं. वैजूने काढलं. शिर्क्यांनीही. आजोबांचा आवाज घोगरा आहे, बोलताना मध्येच थांबणारा. आता रोज जेवणाच्या वेळी सगळी कानयंत्रं टेबलावर असतात, आणि वैजू इराणच्या परवीन मावशींकडून एक ते दहा लिहून घेतेय. आपल्या वहीचं नवं पान तिने आखून ठेवलंय.

आजोबा बरणी पुढे सरकवतात. “मेदुस.”

“मध,” वैजू म्हणते.

मी कोपऱ्यात निवांत बसलेला असतो. मला कुणी काही विचारत नाही.