पिंडासमोरचा लॅपटॉप

कृष्णेच्या घाटावर पिंड मांडून झाले आणि गुरुजींनी पिंडांसमोर लॅपटॉप उघडायला सांगितला. कावळे शहरं सोडून गेल्यापासून दहाव्याला हीच रीत पडली होती. माणूस जायच्या आधी त्याच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा घ्यायचा आणि तो लॅपटॉपवर चालवायचा. याला मनप्रत म्हणत. मनप्रतीने राहिलेली इच्छा बोलून दाखवायची, नातेवाइकांनी 'करू' म्हणायचं, की प्रत पुसून टाकायची. कावळ्याची वाट बघण्यापेक्षा सुटसुटीत.

फक्त आज ज्यांचा दहावा होता, त्या मुकुंदरावांचा आवाज येत नव्हता. मनप्रती ज्या प्रणालीवर चालत, ती जगभरच्या हौशी लोकांनी फुकट लिहिलेली होती. तिच्यात माणसाचं अख्खं मन मावत होतं. स्पीकर मात्र अजून ज्याचा त्याने खटपट करून लावायचा होता.

धाकटे भाऊ अनंतराव जुन्या सवयीने हात जोडून पुढे आले. "दादा, वहिनींना अंतर देणार नाही." शांतता. "गच्चीचा पत्राही बदलून देतो." तरीही शांतता. गुरुजींना पुढचा दहावा होता.

पुतणी ऋजुता मनप्रतींवरच संशोधन करायची. ती ओल्या पायरीवर मांडी घालून कधीपासून आज्ञा टाइप करत होती. काय बिघडलंय, असं कुमुदकाकूंनी विचारलं.

"साउंड कार्ड म्हणजे घसा, काकू. ड्रायव्हर म्हणजे मेंदूचा निरोप घशाला पोचवणारा. दोन्ही ठणठणीत आहेत." तिने आणखी एक आज्ञा टाइप केली. "आवाज आतून बंद केलाय. काकांनीच. मी चालू करते, ते परत बंद करतात."

"कानातलं यंत्र असंच काढून ठेवायचे," काकू म्हणाल्या.

तो अधिकार काढून घेता येईल, ऋजुता म्हणाली. मग आवाज फक्त बाहेरून चालू-बंद होईल. काकूंनी होकारार्थी मान हलवली.

स्पीकर खरखरला. "कुमुद, मी बोललो की तुम्ही मला पुसणार. माझी एवढीच इच्छा आहे. पुसू नका."

'करू' म्हणायला कुणी धजेना. काकूंचे डोळे भरून आले. 'नाही पुसणार' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कुठून कोण जाणे, एक कावळा पायरीवर उतरला. त्याने लॅपटॉपकडे तिरकं बघितलं आणि पिंडाला चोच लावली.

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. "तृप्त झाले," गुरुजी म्हणाले. "मुकुंदराव सुटले."

"अहो गुरुजी, मी इथं आहे," लॅपटॉप म्हणाला. "कुमुद, तू तरी सांग त्यांना. कुमुद?"

कावळा भात संपवून उडाला. तो दिसेनासा होईपर्यंत काकू बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले.

"आमचे हे जेवून गेले," त्या म्हणाल्या. "ऋजुता, याचा आवाज कुठून बंद करायचा?"